जहाजाचे घर कोणते?
कॅलिफोर्नियातील जहाज-करमाफीचे जनमत (१९१४) : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

करांच्या इतिहासात जमीन, घर, दुकान आणि बाजारपेठ यांचा अभ्यास पुष्कळ झाला आहे. त्या मानाने जहाजाकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले. बंदरात येणाऱ्या मालावरील जकातीविषयी विपुल लेखन उपलब्ध आहे. परंतु खुद्द जहाज ही एक मालमत्ता आहे, तिची किंमत मोठी असते, आणि घरावर जसा कर बसतो तसा तिच्यावर बसावा की नाही, हा प्रश्न वेगळा आहे. घर जागचे हलत नाही. जहाज आज या बंदरात तर महिन्याने दुसऱ्या खंडात असते. मग त्याच्यावर कर घेण्याचा अधिकार कोणत्या गावाचा?

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कॅलिफोर्निया राज्यात हा प्रश्न ३ नोव्हेंबर १९१४ रोजी थेट मतदारांपुढे ठेवण्यात आला. जहाजांना स्थानिक मालमत्ता करातून माफी द्यावी काय, असा तो प्रश्न होता. मतदारांनी होकार दिला आणि ही माफी राज्यघटनेत दाखल झाली. प्रारंभी ती ठराविक मुदतीसाठी होती. आज शतक उलटून गेले असून ती मुदतीशिवाय कायम आहे. ही माफी कोणत्या परिस्थितीत आली, तिचा भार कोणावर पडला आणि करांच्या इतिहासाच्या दृष्टीने तिच्यापासून काय शिकता येते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शेरीफ आणि आगबोटी

१८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि सॅन फ्रान्सिस्को हे लहानसे गाव पाहता पाहता मोठे बंदर बनले. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये पॅसिफिक मेल स्टीमशिप कंपनी स्थापन झाली होती. पनामा ते ऑरेगॉन या किनाऱ्यावर टपाल नेण्याचा सरकारी ठेका तिच्याकडे होता. तिची ‘कॅलिफोर्निया’ ही आगबोट फेब्रुवारी १८४९ अखेर सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत शिरली. पुढील काही वर्षांत सोन्याच्या शोधात निघालेले हजारो लोक याच कंपनीच्या आगबोटींनी आले. कंपनीचा सारा धंदा पॅसिफिक महासागरात होता. तिचे कार्यालय आणि जहाजांची नोंदणी मात्र न्यूयॉर्कची.

१८५० मध्ये कॅलिफोर्नियाला राज्याचा दर्जा मिळाला. नव्या राज्याला पैशाची गरज होती आणि डोळ्यांसमोर सर्वांत मौल्यवान वस्तू दिसत होत्या त्या या आगबोटी. सॅन फ्रान्सिस्को काउंटीने त्यांच्यावर मालमत्ता कर आकारला. काउंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा स्थानिक विभाग. तेथे शेरीफ पदावर जॉन हेज हे गृहस्थ होते. कंपनी न्यायालयात गेली आणि हे प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. १८५५ मध्ये न्यायमूर्ती नेल्सन यांनी निकाल दिला. त्याचा आशय असा की, ही जहाजे सॅन फ्रान्सिस्कोत व्यापाराच्या निमित्ताने तात्पुरती येतात. ती तेथील मालमत्तेत मिसळून गेलेली नाहीत. त्यांचे घर म्हणजे त्यांचे नोंदणीचे बंदर न्यूयॉर्क होय. सबब कॅलिफोर्नियाला हा कर घेता येणार नाही.

या निकालाने ‘जहाजाचे घर’ ही कल्पना कायद्यात रुजली. नोंदणीचे बंदर कोणते हे ठरवताना मालकाच्या निवासस्थानाकडे पाहिले जाई, आणि त्या बंदराचे नाव जहाजाच्या मागील बाजूस रंगवलेले असे. १८८४ च्या कायद्याने या नियमात ढिलाई आली. जहाज जेथे बांधले त्या ठिकाणाचे नावही रंगवण्याची मुभा मालकाला मिळाली. त्यामुळे पाटीवरच्या नावावरून घर ओळखण्याची सोय राहिली नाही.

याची कमाल १९११ मध्ये दिसून आली. सदर्न पॅसिफिक ही रेल्वे कंपनी केंटकी राज्यात नोंदलेली होती. तिची काही जहाजे न्यूयॉर्क आणि मेक्सिकोच्या आखातातील बंदरांदरम्यान फिरत. केंटकीला समुद्रकिनारा नाही. ती जहाजे त्या राज्यात कधी गेली नव्हती आणि जाऊही शकत नव्हती. तरीही कंपनीचे कायदेशीर निवासस्थान केंटकी आहे आणि जहाजांना अन्यत्र कोठे कायमचे ठिकाण नाही, म्हणून केंटकीने घेतलेला कर सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला. समुद्र नसलेल्या राज्याला समुद्रातील जहाजांचा कर मिळाला, आणि ज्या बंदरांत ती जहाजे प्रत्यक्ष उभी राहत त्यांच्या हाती काही आले नाही.

सारांश, विसाव्या शतकाच्या आरंभी स्थिती अशी होती : बाहेर नोंदलेल्या जहाजावर कॅलिफोर्नियाची बंदरे मालमत्ता कर घेऊ शकत नव्हती. जे जहाज प्रामाणिकपणे सॅन फ्रान्सिस्कोचे म्हणून नोंदले होते, त्याच्यावरच तो बसत होता. एकाच धक्क्याला दोन जहाजे शेजारी उभी असत. एक घरचे, कर भरणारे. दुसरे परगावचे, करमुक्त. १९१४ च्या प्रश्नाचे मूळ या विसंगतीत आहे.

मतपत्रिकेचा मार्ग

हा प्रश्न मतपत्रिकेवर कसा आला हे समजण्यासाठी त्या काळातील दोन सुधारणा लक्षात घ्याव्या लागतात.

पहिली सुधारणा १९१० ची. त्या वर्षी मतदारांच्या मान्यतेने राज्याच्या आणि स्थानिक संस्थांच्या उत्पन्नाची साधने वेगळी करण्यात आली. रेल्वे, बँका, विमा कंपन्या आणि वीज, वायू यांसारख्या लोकोपयोगी कंपन्यांवरील कर राज्याकडे गेले. जमीन, घरे आणि इतर सर्वसाधारण मालमत्तेवरील कर शहरे, काउंट्या आणि शाळा यांच्यासाठी राहिला. म्हणजे यापुढे मालमत्ता करातून एखाद्या वस्तूला माफी दिली, तर तिचा फटका मुख्यतः राज्याच्या तिजोरीला बसणार नव्हता. तो स्थानिक संस्थांना बसणार होता.

दुसरी सुधारणा १९११ ची. सदर्न पॅसिफिक कंपनीचे राज्याच्या राजकारणावरील वर्चस्व मोडून काढण्याचे आश्वासन देऊन हायरम जॉन्सन १९१० मध्ये गव्हर्नर म्हणून निवडून आले होते. त्यांच्या पुढाकाराने १० ऑक्टोबर १९११ रोजीच्या विशेष निवडणुकीत लोकांना कायदे सुचवण्याचा आणि विधिमंडळाचे कायदे सार्वमताला टाकण्याचा अधिकार मिळाला. स्त्रियांना मताधिकार मिळाला तोही त्याच दिवशी. घटनादुरुस्तीला मतदारांची मान्यता घेण्याची प्रथा आधीपासून होतीच. आता मतपत्रिकेवर प्रश्नांची गर्दी झाली. ३ नोव्हेंबर १९१४ च्या मतपत्रिकेवर एकूण ४८ प्रश्न होते. त्यांत दारूबंदी होती, आठ तासांच्या कामाचा दिवस होता, आणि डोईपट्टी रद्द करण्याचा प्रस्तावही होता. जहाजांचा प्रश्न या ४८ पैकी एक.

डोईपट्टीचा उल्लेख येथे मुद्दाम केला आहे. गरीब असो वा श्रीमंत, प्रत्येक प्रौढ पुरुषाकडून सारखीच रक्कम घेणारा हा कर मतदारांनी त्याच दिवशी रद्द केला. एकाच मतपत्रिकेवर मजुराच्या डोक्यावरचा कर गेला आणि जहाजमालकाच्या जहाजावरचाही गेला. दोन्ही माफ्यांना लोकांनी ‘होय’ म्हटले. पहिल्या माफीचा लाभ कोणाला हे उघड होते. दुसरीचा हिशेब इतका सरळ नव्हता.

१९१४ साली जहाज

काळही लक्षणीय होता. १५ ऑगस्ट १९१४ रोजी पनामा कालवा वाहतुकीस खुला झाला. न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला येण्यासाठी दक्षिण अमेरिकेला वळसा घालण्याची गरज उरली नाही. आता आपल्या बंदरांची भरभराट होणार, अशी साऱ्या किनाऱ्याची अपेक्षा होती. १९१५ च्या फेब्रुवारीत सुरू व्हावयाच्या जागतिक प्रदर्शनाची तयारी सॅन फ्रान्सिस्कोत जोरात चालू होती. कालवा खुला होण्याच्या काही दिवस आधी युरोपात महायुद्ध पेटले आणि जगभर जहाजांची टंचाई भासू लागली.

जहाजांना सवलत द्यावी की नाही, हा वाद त्या दोन वर्षांत देशपातळीवरही गाजला होता. १९१२ च्या कायद्याने अमेरिकेच्या किनारी वाहतुकीतील जहाजांना पनामा कालव्याचा टोल माफ केला होता. सर्व राष्ट्रांच्या जहाजांना समान वागणूक देण्याच्या १९०१ च्या कराराचा हा भंग आहे, अशी ब्रिटनची तक्रार होती. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्या आग्रहावरून जून १९१४ मध्ये ती माफी रद्द झाली. म्हणजे ज्या वर्षी देशाने जहाजांची एक सवलत काढून घेतली, त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने दुसरी दिली.

या घटनादुरुस्तीत चार अटी होत्या. जहाज ५० टनांहून अधिक भाराचे असावे. ते कॅलिफोर्नियातील एखाद्या बंदरात नोंदलेले असावे. माल किंवा प्रवासी यांची वाहतूक हे त्याचे काम असावे. आणि ही माफी १ जानेवारी १९३५ पर्यंतच राहावी. राज्याच्या स्वतःच्या कामासाठी लागणारा कर मात्र माफीतून वगळला होता. १९१० नंतर राज्याने सर्वसाधारण मालमत्ता कर जवळजवळ सोडूनच दिला होता. त्यामुळे राज्याने आपला हक्क कागदोपत्री राखला आणि प्रत्यक्षात माफी मिळाली ती स्थानिक करातून.

यातील नोंदणीच्या अटीवरून दुरुस्तीचा हेतू कळतो. माफी सर्व जहाजांना नव्हती. ‘आमच्याकडे नोंदणी करा, आम्ही कर घेणार नाही’ असे ते आमंत्रण होते. बाहेरच्या जहाजांना कर नव्हताच. आता घरच्यांनाही नसेल, म्हणजे घर बदलण्याचे कारण राहणार नाही, असा हिशेब त्यामागे होता.

हिशेबाची दुसरी बाजू

या युक्तिवादात तथ्य होते, हे मान्य केले पाहिजे. शेजाऱ्याला माफ असलेला कर आपल्या माणसाकडून घेणे हा अन्यायच आहे. शिवाय जहाज बंदराचा फुकट वापर करत नव्हते. धक्क्याचे भाडे, मालाची हमाली, पाणी, कोळसा, वाटाड्याची फी ही सर्व त्याला निराळी द्यावी लागत. सॅन फ्रान्सिस्कोचे बंदर १८६३ पासून राज्याने नेमलेल्या मंडळाच्या ताब्यात होते आणि बंदराचे उत्पन्न या मंडळाकडे जमा होई. शहराच्या ताब्यात बंदर आले ते १९६८ च्या कायद्यानंतर. मात्र येथेच अडचणीचे मूळ आहे. बंदराची फी राज्याच्या मंडळाला जात होती. शाळा, रस्ते, पोलीस, आगीचे बंब आणि इस्पितळे यांचा खर्च शहराकडे होता. खलाशी शहरात राहत, त्यांची मुले शहराच्या शाळेत जात. मालमत्ता कर हा शहराचा आधार. आणि माफी दिली गेली ती नेमकी त्या करातून.

स्थानिक मालमत्ता कराची रीत अशी असते की, आधी वर्षाचा खर्च ठरतो आणि नंतर त्या प्रमाणात दर काढला जातो. कॅलिफोर्नियात त्या काळी मार्च महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी बारा वाजता जी मालमत्ता ज्याच्या नावावर असेल ती त्याच्या हिशेबात धरली जाई. एका साध्या उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, एखाद्या गावातील साऱ्या मालमत्तेची किंमत १०,००० आहे. त्यांपैकी १,००० ची जहाजे आहेत. गावाला २०० हवे आहेत. दर शेकडा २ पडेल. ज्याचे घर ९०० चे आहे तो १८ देईल. आता जहाजे वगळली. गावाची गरज २०० च राहिली, पण मालमत्ता उरली ९,००० ची. त्याच घराला आता २० भरावे लागतील. घर वाढले नाही, त्याची किंमतही वाढली नाही. तरी पट्टी वाढली. करमाफीचा कागद जहाजाच्या नावाने निघतो, पण त्याची भरपाई घराच्या पट्टीतून होते.

आणखी एक बाब लक्षात घेण्यासारखी आहे. मतदान साऱ्या राज्याचे होते. जहाजे सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस यांसारख्या मोजक्या बंदरांच्या हिशेबात होती. किनाऱ्यापासून दूर, मधल्या खोऱ्यात फळबागा आणि गव्हाची शेते असणाऱ्या शेतकऱ्याच्या काउंटीत एकही समुद्री जहाज नव्हते. माफीने त्याचे काही जाणार नव्हते. उलट जहाजे वाढली आणि भाडे उतरले, तर त्याचा माल स्वस्तात बाहेर जाणार होता. निर्णय घेणारे सारे राज्य आणि भार सोसणारी चार बंदरे, असा हा प्रकार होता. लोकशाही पद्धतीने घेतलेला निर्णयही दुसऱ्याच्या खिशातून दान देणारा ठरू शकतो, याचे हे उदाहरण आहे.

माफीने जहाजे टिकली काय?

या प्रश्नाचे उत्तर पॅसिफिक मेलच्या पुढील इतिहासात काही अंशी सापडते. ही कंपनी १८९० च्या दशकापासून सदर्न पॅसिफिकच्या ताब्यात होती. माफी मंजूर झाल्यानंतर वर्षभरात, १९१५ मध्ये, तिने पॅसिफिक ओलांडणारी आपली मोठी प्रवासी जहाजे विकून टाकली. त्याच वर्षी संमत झालेल्या खलाशांविषयीच्या कायद्यामुळे धंदा परवडत नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. खलाशांपैकी बहुसंख्यांना अधिकाऱ्यांचे हुकूम समजले पाहिजेत, अशी त्या कायद्याची एक अट होती. कंपनीच्या जहाजांवर चिनी खलाशी मोठ्या संख्येने होते. युद्धामुळे जहाजांना चढा भाव येत होता, हेही विसरता येत नाही. दुसरीकडे विल्यम मॅटसन यांची कंपनी सॅन फ्रान्सिस्कोतच राहिली आणि हवाई बेटांच्या साखरेच्या वाहतुकीवर वाढली. तिचा धंदाच त्या बंदराशी बांधलेला होता.

एक कंपनी गेली, एक राहिली. माफी दोघींनाही होती. यावरून करमाफी निरुपयोगी होती, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. मात्र जहाज कोठे राहते हे माल, भाडे, मजुरी, कायदा आणि युद्ध यांवर ठरते, कर हा त्यांतील एक घटक, एवढे निश्चित म्हणता येते.

मुदतीची गोष्ट

मूळ माफी सुमारे वीस वर्षांची होती. या वीस वर्षांत जहाजधंद्याने पाय रोवावेत आणि नंतर इतरांप्रमाणे कर भरावा, असा मुदतीचा स्वाभाविक अर्थ होतो. १९३५ जवळ आले तेव्हा जगभर मंदी होती. १९३२ च्या नोव्हेंबरमध्ये प्रश्न पुन्हा मतदारांपुढे आला आणि मुदत १९५५ पर्यंत वाढली. पुढे मुदतीचे शब्दच राज्यघटनेतून गेले. आज कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेच्या तेराव्या अनुच्छेदात ५० टनांहून अधिक भाराच्या, माल अथवा प्रवासी नेणाऱ्या जहाजांना माफी आहे. तिला मुदत नाही. त्या राज्यात नोंदणी असावी, ही अटही त्यात उरलेली नाही. ज्या अटीसाठी माफी जन्मली, ती अट गेली आणि माफी राहिली. सहलीच्या खाजगी नौकांवर मात्र काउंट्या आजही कर घेतात.

प्रत्येक टप्प्यावर मतदारांची संमती घेतली गेली, ही जमेची बाजू आहे. परंतु पहिल्या मतदानाच्या वेळी माफी हा एक प्रयोग होता. पुढच्या मतदानांच्या वेळी ती रूढी झाली होती. आता ती काढली तर जहाजे जातील, ही भीती मुदत संपताना नेहमी दाखवता येते. ती खरी की खोटी हे माफी काढल्याशिवाय कळत नाही, आणि भीतीमुळे माफी काढली जात नाही.

पेटी, नळ आणि न्यायालय

दरम्यान सर्वोच्च न्यायालयाची भूमिकाही बदलत गेली. १९४९ मध्ये मिसिसिपी नदीवरील मालवाहू नावांच्या प्रकरणात, नावांचा जेवढा प्रवास राज्यात झाला तेवढ्या हिश्श्याने कर घेण्यास न्यायालयाने मुभा दिली. जहाजाचे घर एकच असते, ही जुनी कल्पना येथे सैल झाली.

समुद्रावरील परदेशी व्यापाराच्या बाबतीत मात्र न्यायालय कठोर राहिले. १९७० च्या दशकात माल मोठ्या लोखंडी पेट्यांतून, म्हणजे कंटेनरमधून, येऊ लागला. जहाज करमुक्त होते, पण कंटेनरचे काय? लॉस एंजेलिस काउंटीने जपानी कंपन्यांच्या कंटेनरांवर मालमत्ता कर आकारला. एक कंटेनर कॅलिफोर्नियात सरासरी तीन आठवड्यांहून कमी काळ राही. त्यावर जपानमध्ये कर भरलेलाच होता. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काउंटीच्या विरुद्ध निकाल दिला. एकाच वस्तूवर दोनदा कर बसेल आणि परराष्ट्र व्यापारात साऱ्या देशाचे धोरण एक असावे या तत्त्वाला बाधा येईल, अशी कारणे देण्यात आली.

अलास्कातील व्हॅल्डीझ हे छोटे गाव म्हणजे अलास्काच्या तेलाच्या नळाचे शेवटचे टोक. तेथे तेलवाहू जहाजे भरली जातात. १९९९ मध्ये गावाने मोठ्या जहाजांवर मालमत्ता कर बसवला. त्यातील सवलती अशा रचल्या होत्या की, व्यवहारात कर पडे तो जवळजवळ तेलवाहू जहाजांवरच. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी तो रद्द केला. आधार होता १७८७ मध्ये तयार झालेल्या राज्यघटनेतील एका कलमाचा. काँग्रेसच्या संमतीशिवाय कोणत्याही राज्याने जहाजांवर टनभाराचा कर घेऊ नये, असे ते कलम सांगते. ज्यांच्याकडे चांगली बंदरे आहेत त्या राज्यांनी इतरांची अडवणूक करू नये, हा त्याचा उद्देश. कॅलिफोर्नियाने मताने जे सोडले होते, ते व्हॅल्डीझला मागूनही मिळाले नाही.

फर्मान आणि मतपत्रिका

करमाफीची ही कथा वाचताना हिंदुस्थानच्या इतिहासातील दोन प्रसंगांची आठवण होणे स्वाभाविक आहे. मराठीत ‘जकात’ म्हणजे नाक्यावरचा कर. इस्लाममध्ये ‘ज़कात’ ही इबादत आहे. मोगल कागदपत्रांत व्यापारी मालावरील महसुलालाही हाच शब्द येतो. औरंगजेबाने १६६७ मध्ये मुस्लिम व्यापाऱ्यांना हा महसूल माफ केला. परिणाम असा झाला की, इतरांचा माल मुस्लिम व्यापाऱ्यांच्या नावावर जाऊ लागला आणि उत्पन्न घटले. पुढे ही माफी मागे घ्यावी लागली.

दुसरा प्रसंग बंगालचा. १७१७ मध्ये बादशहा फर्रुखसियरच्या फर्मानाने इंग्रज कंपनीला वार्षिक ३,००० रुपयांच्या मोबदल्यात बंगालमध्ये महसूल माफ झाला. सुरतेसाठी ही रक्कम १०,००० रुपये होती. कंपनीचे नोकर आपल्या खाजगी व्यापारासाठीही कंपनीचे दस्तक वापरू लागले. देशी व्यापारी कर भरत राहिले आणि बुडाले. १७६३ मध्ये नवाब मीर कासीमने शेवटी सर्वांनाच अंतर्गत जकात माफ केली. कंपनीला ही समानता मान्य नव्हती. त्यातून युद्ध झाले आणि नवाबाची गादी गेली.

कॅलिफोर्निया आणि बंगाल यांत फरक मोठा आहे. एका ठिकाणी बादशहाचे फर्मान होते, दुसऱ्या ठिकाणी नागरिकांचे मत. फर्मानाचा गैरवापर झाला तेव्हा बंगालच्या व्यापाऱ्याला दाद मागायला जागा नव्हती. कॅलिफोर्नियाच्या मतदाराला ती होती. तरी एक प्रश्न दोन्हीकडे समान आहे : एकाला सूट दिली की उरलेल्यांचे काय होते? मीर कासीमने हा प्रश्न नेमका ओळखला होता. १९१४ च्या दुरुस्तीनेही घरचे आणि परके जहाज यांतील भेद मिटवला, परंतु जहाज आणि घर यांतील भेद वाढवला.

समारोप

कथेचा शेवट घराकडेच येतो. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात घरांच्या किमती वेगाने वाढल्या आणि त्यांबरोबर मालमत्ता कर वाढला. निवृत्त, ठराविक उत्पन्नाच्या लोकांना स्वतःच्या घरात राहणे कठीण झाले. ६ जून १९७८ रोजी सुमारे ६५ टक्के मतांनी त्यांनी मालमत्ता करावर १ टक्क्याची मर्यादा घातली. ज्या मतपत्रिकेने जहाजाला माफी दिली होती तीच आता घराच्या उपयोगी आली. यावेळी भार पडला तो शाळांवर, ग्रंथालयांवर आणि नगरपालिकांच्या सेवांवर. दर वर्षी खर्चाप्रमाणे दर ठरवण्याची स्थानिक संस्थांची मुभा गेली आणि त्यांना राज्याच्या अनुदानाकडे पाहण्याची वेळ आली.

या साऱ्या आढाव्यातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. जी मालमत्ता हलू शकते तिला सूट मागण्याचे बळ असते, कारण ती निघून जाण्याची धमकी देऊ शकते; जी हलू शकत नाही तिच्यावर कर साचत जातो. दुसरे, सूट देणारा आणि सूट सोसणारा हे वेगळे असतील, तर बहुमताचा निर्णयही तपासून पाहावा लागतो. आणि तिसरे, मुदतीची माफी ही मुदत संपताना प्रामाणिकपणे तपासली गेली तरच मुदतीची राहते. करमाफीचा प्रस्ताव समोर येतो तेव्हा ‘कोणाला किती सुटले’ हे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. ‘ते कोण भरणार’ हे वाचकाला स्वतः शोधावे लागते. १९१४ च्या कॅलिफोर्नियात ४८ प्रश्नांच्या गर्दीत ते किती जणांनी शोधले असेल, याची कल्पना करणे अवघड नाही.